पन्नास मतांचा हिशेब

(तृतीय वर्ष कला)

गेले वर्षभर आमच्या घरात 'पन्नास' हा आकडा कोणी मोठ्याने उच्चारत नाही. वाण्याकडून सामान आणले आणि सुट्या पैशांत पन्नासची नोट आली, तर आई ती मुकाट्याने डब्याखाली सरकवते. धाकटा भाऊ पाढे म्हणताना 'पाच दाहे' पाशी आला की उगीचच घाईने पुढे जातो. हसण्यासारखेच आहे हे. पण आम्हाला अजून हसू आलेले नाही.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गाव गुरुजी म्हणते. सातवीपर्यंतचे गणित त्यांच्याकडे असते. निवडणुकीचे काम त्यांना नवे नाही. नोकरीला लागले तेव्हा लोखंडी मतपेट्या होत्या. लाख वितळवून बोटे भाजून घेतल्याच्या गोष्टी त्यांनी आम्हाला सांगितल्या आहेत. पुढे यंत्रे आली, तीही त्यांनी हाताळली. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत ते शेजारच्या तालुक्यातल्या एका केंद्राचे केंद्राध्यक्ष होते.

आदल्या दिवशी साहित्य घेऊन मंडळी त्या गावी पोचली. रात्री शाळेतच सतरंजीवर आडवी झाली. पहाटे साडेपाचला 'मॉक पोल', म्हणजे खऱ्या मतदानाआधीचे लुटुपुटीचे मतदान. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान पन्नास मते द्यायची, यंत्राचा आकडा आणि व्हीव्हीपॅटमधून पडलेल्या चिठ्ठ्या जुळवून दाखवायच्या आणि मग यंत्र पुसून कोरे करायचे, असा तो विधी. त्या दिवशी प्रतिनिधी उशिरा आले. त्यातले दोघे आल्याबरोबर खुर्च्यांवरून भांडले. अण्णांनी पन्नास मते दाबून घेतली, 'टोटल' दाखवले, चिठ्ठ्या काढून उमेदवारवार मोजल्या, मागे शिक्के मारून त्या काळ्या पाकिटात बंद केल्या, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. बाहेर रांग लागली होती. राहिली ती तीन बटणे: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. ती दाबायची राहून गेली, आणि सातला मतदान सुरू झाले.

दर दोन तासांनी आकडा वर कळवायचा असतो. तो गर्दीत रजिस्टरवरूनच कळवला गेला. संध्याकाळी सहानंतर अण्णांनी टोटल दाबले. रजिस्टरपेक्षा यंत्रात पन्नास मते जास्त! गणिताच्या मास्तरला कारण कळायला क्षणही लागला नाही. त्यांनी ते दैनंदिनीत स्वतःच्या अक्षरात लिहिले, प्रतिनिधींना सांगितले, क्षेत्रीय अधिकाऱ्यांना कळवले. घरी आले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. जेवले नाहीत. "चूक झाली," एवढेच म्हणाले.

२३ तारखेला मतमोजणी झाली. असे यंत्र मोजणीत बाजूला ठेवतात. विजयी उमेदवाराचे मताधिक्य त्या केंद्रावरच्या एकूण मतांपेक्षा कमी असेल, तर चिठ्ठ्या मोजतात. जास्त असेल तर त्या मतांनी निकाल फिरणार नसतो, म्हणून त्यांच्यावाचूनच निकाल जाहीर होतो. तिथे मताधिक्य पुष्कळच मोठे होते. त्या गावची मते न मोजताच निकाल लागला.

मित्रहो, आता त्या गावाच्या बाजूने विचार करा. उन्हात उभे राहून ज्यांनी मत दिले, त्यांना कळले ते एवढेच: एक परका मास्तर आला, यंत्रात पन्नास मते जादा निघाली आणि आपली मते रद्दीत गेली. त्यांनी मनाशी जी गोष्ट रचली, तीच मीही रचली असती. मोबाइलवरून ती गोष्ट आमच्या गावी यायला एक दिवस पुरला. चहाच्या टपरीवर कोणीतरी अण्णांना विचारले, "गुरुजी, पन्नासचा काय भाव चाललाय?" सगळे हसले. अण्णाही हसले म्हणे. त्यानंतर ते त्या टपरीवर गेलेले नाहीत.

पाठोपाठ कारणे दाखवा नोटीस आली. अण्णांनी चार ओळींत उत्तर लिहिले, त्यात 'परंतु' हा शब्द एकदाही नव्हता. मला राग आला. मी विचारले, "अण्णा, तुम्ही काही केलं नाही हे दाखवता येणार नाही का?"

"येईल की. चिठ्ठ्या मोजल्या की येईल. रजिस्टराइतक्याच भरतील, एकही जास्त नाही."

"मग?"

"पण मोजायच्या कोणासाठी? निकाल लागलाय."

याच सुमारास आमच्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा जाहीर झाली. विषय होता, 'मतदान यंत्रणेत घुसखोरी होऊ शकते आणि ती करणारा सापडू शकतो.' सरांनी मला अनुकूल बाजू दिली. त्यांना आमच्या घरची हकिगत ठाऊक नव्हती. मी नाही म्हणणार होते, पण नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागणार, म्हणून हो म्हटले. अशा रीतीने घरात नोटीस आणि दप्तरात भाषणाची टिपणे घेऊन मी ग्रंथालयात बसू लागले.

पहिल्याच आठवड्यात मला बेल्जियममधली एक गोष्ट सापडली आणि अंगावर काटा आला. १८ मे २००३ ची निवडणूक. ब्रुसेल्सच्या स्कारबेक भागात एका उमेदवार बाईंना मिळू शकतील त्याहून जास्त मते मिळाली. मते चुंबकीय कार्डांवर नोंदलेली होती. ती कार्डे पुन्हा वाचली. बाकी सगळे आकडे जसेच्या तसे, फक्त बाईंची मते ४०९६ ने कमी भरली. आता हा ४०९६ काय आकडा आहे? एकाची दुप्पट दोन, दोनाची चार, चाराची आठ... बारा वेळा दुप्पट केले की बरोबर ४०९६ येतात. संगणकाच्या पोटात आकडे शून्य आणि एक यांच्या ओळीने मांडलेले असतात. त्या ओळीतल्या तेराव्या घरातले शून्य आपोआप एक झाले की बेरीज नेमकी तेवढ्याने वाढते. तज्ज्ञांनी यंत्र तपासले, आज्ञावली तपासली, चूक पुन्हा घडवून पाहायचा प्रयत्न केला. ती पुन्हा घडली नाही. शेवटी त्यांनी निष्कर्ष काढला की ते घर आपोआप उलटले असावे. अंतराळातून येणाऱ्या किरणांतल्या एखाद्या कणाने ते उलटवले असेल, असे तेव्हापासून बोलले जाते. त्या कणाचा माग कोण काढणार?

मी धावत घरी जाऊन अण्णांना हे सांगितले. त्यांनी वहीच्या कडेला बारा वेळा दुप्पट करून पाहिले. "आकडा अशक्य होता म्हणून सापडला," ते म्हणाले. "बाईंना शंभर मतं जास्त पडली असती तर कोणी पाहिलं असतं?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि कार्डं उघडून मोजली त्यांनी." हे दुसरे वाक्य ते माझ्याशी बोलले नाहीत असे मला वाटते.

पण माझा विषय आपोआप झालेल्या चुकीचा नव्हता, घुसखोरीचा होता. त्याबाबत फार शोधावे लागले नाही. हॉलंडमध्ये २००६ साली काही मंडळींनी तिथल्या मतदान यंत्राची आज्ञावली बदलून त्याला बुद्धिबळ खेळायला लावले. त्यानंतर दोनेक वर्षांत तो देश कागदी मतपत्रिकेकडे परतला. आपल्याकडे २०१० साली हैदराबादचे अभियंते हरी प्रसाद, मिशिगन विद्यापीठातले अ‍ॅलेक्स हाल्डरमन आणि हॉलंडचे रॉप गॉनग्रेप यांनी एक भारतीय यंत्र उघडून दोन प्रकार करून दाखवले. एकात आकडे दाखवणारी पट्टी काढून तशीच दिसणारी, पण आत चोरटा तुकडा बसवलेली पट्टी लावली. दुसऱ्यात मतदान आणि मोजणी यांच्या मधल्या काळात स्मृतीच्या चकतीला एक बारीकसा चिमटा लावून मते इकडची तिकडे केली. ते यंत्र मुंबईतल्या सरकारी गोदामातून गेलेले होते. ते कोणी दिले हे सांगायला हरी प्रसाद यांनी नकार दिला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. म्हणजे बघा, ज्याने तोंड न लपवता सगळ्यांना करून दाखवले, तो लगेच सापडला!

निवडणूक आयोगाची बाजूही मी वाचली, आणि ती मला पोकळ वाटली नाही. यंत्र कुठल्याही जाळ्याला जोडलेले नसते, म्हणून दूर बसून त्यात शिरता येत नाही. कोणते यंत्र कुठल्या केंद्रावर जाणार हे आधी ठरलेले नसते. मोहरा असतात, पहारा असतो, प्रतिनिधींच्या सह्या असतात. हरी प्रसाद प्रभृतींनी उघडलेले यंत्र जुन्या धाटणीचे, व्हीव्हीपॅट येण्याआधीचे होते. हे सगळे खरे. पण त्याचा अर्थ एवढाच की यंत्रापर्यंत हात पोचणे अवघड आहे. यंत्राचे संरक्षण शेवटी माणसे करतात. अण्णांसारखी, पहाटे चारला उठलेली. मला स्वतःला विचाराल तर, 'होऊ शकते का' या प्रश्नाचे उत्तर सगळीकडे 'होऊ शकते' असेच आहे. लोखंडी मतपेटीच्या बाबतीतही ते तसेच होते. मतपेट्या पळवण्याच्या बातम्या आपल्या आईबापांनी वाचल्या आहेत.

खरा गुंता विषयाच्या उत्तरार्धात होता. करणारा सापडतो का?

अमेरिकेत वॉशिंग्टन शहराने २०१० साली इंटरनेटवरून मत देण्याची सोय केली आणि ती वापरण्याआधी लोकांना जाहीर आव्हान दिले की या, फोडून दाखवा. हाल्डरमन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अठ्ठेचाळीस तासांत ती फोडली. दिलेली मते बदलली, पुढे येणारी मतेही बदलतील अशी तजवीज केली, चित्रपटांतल्या यंत्रमानवांची नावे उमेदवार म्हणून घातली. आणि जाताना एक गंमत केली: मत दिल्यावर आभाराचे पान दिसे, तिथे आपल्या विद्यापीठाचे गाणे वाजेल असे करून ठेवले. अधिकाऱ्यांना जवळजवळ दोन दिवस काही कळले नाही. कळले ते त्या गाण्यामुळे. चोर गात नसता तर?

याच प्रकरणातला आणखी एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटला. ही मुले आत असताना त्यांना दिसले की आणखी कोणीतरी बाहेरून कुलपे चाचपून पाहत आहे. ते पत्ते इराणचे, चीनचे होते, आणि भारतातलाही एक होता. म्हणून इराणने किंवा भारताने वॉशिंग्टनची निवडणूक फोडायचा घाट घातला होता असे म्हणायचे का? त्या मुलांनी तसे म्हटले नाही. असले चाचपणारे इंटरनेटवर रात्रंदिवस हिंडतच असतात. शिवाय पत्ता यंत्राचा असतो, माणसाचा नव्हे. पाकिटावरचा टपालाचा शिक्का जसा. पत्र पंढरपूरला टाकले एवढे तो सांगतो, लिहिणारा पंढरपूरचाच असेल असे नाही.

शिक्का खोटाही मारता येतो. २०१८ साली दक्षिण कोरियात हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या वेळी संगणक बंद पडले. हल्ल्याच्या आज्ञावलीत उत्तर कोरियाच्या खुणा सापडल्या. पुढे बारकाईने पाहता त्या खुणा मुद्दाम पेरलेल्या निघाल्या, आणि २०२० साली अमेरिकेने आरोप ठेवले ते सहा रशियन लष्करी गुप्तचर अधिकाऱ्यांवर. म्हणजे माग लागतच नाही असे नाही. अमेरिकेच्या २०१६ च्या निवडणुकीच्या वेळी इलिनॉय राज्याच्या मतदारयादीत शिरून सुमारे पाच लाख मतदारांची माहिती कोणीतरी नेली. जुलै २०१८ मध्ये बारा रशियन अधिकाऱ्यांवर नावानिशी आरोपपत्र आले. पण त्याला दोन वर्षे लागली, एका महासत्तेची सारी तपास यंत्रणा लागली, आणि ते बाराजण काही न्यायालयात उभे राहिले नाहीत. निवडणुकीचा निकाल मात्र एका रात्रीत लागतो.

या सगळ्या धुंडाळण्यात मला दोनच गोष्टींनी धीर दिला. एक युक्रेनची. मे २०१४ मध्ये तिथल्या निवडणूक आयोगाच्या संगणकांवर हल्ला झाला, आणि एक अतिरेकी उमेदवार जिंकल्याचा खोटा निकाल आयोगाच्याच संकेतस्थळावर झळकावण्याची तयारी झाली होती. तो ऐनवेळी सापडला. रशियाच्या दूरचित्रवाणीने तरीही तो दाखवला म्हणे! पण युक्रेनमध्ये मते कागदावर होती. ती मोजली आणि प्रश्न मिटला. हल्ला कोणी केला याची चर्चा पुढे कितीही चालो, मतदाराला त्या चर्चेची वाट पाहत बसावे लागले नाही.

दुसरी गोष्ट जर्मनीतली, आणि ती बाप-लेकाची आहे. योआखिम वीझनर हे राज्यशास्त्राचे अभ्यासक आणि उलरिक हा त्यांचा मुलगा. दोघांनी २००५ च्या निवडणुकीतल्या यंत्रांविरुद्ध दाद मागितली. ३ मार्च २००९ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने निर्णय दिला की मतदानाचे आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही पडताळून पाहता आले पाहिजेत. तशी सोय नसलेली ती यंत्रे घटनेत बसत नाहीत. निकाल मात्र कायम ठेवला, कारण यंत्रांनी चूक केल्याचा पुरावा नव्हता. मी हे अण्णांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचले.

आपल्याकडे पहिला खटला वेगळ्याच मुद्द्यावर झाला होता. १९८२ साली केरळमधल्या परवूर मतदारसंघात यंत्रे प्रथम वापरली, तीही पन्नास केंद्रांवर (पन्नासच! हे मी घरी सांगितले नाही). एकशे तेवीस मतांनी हरलेला उमेदवार सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८४ साली न्यायालयाने म्हटले की कायद्यात यंत्राची तरतूदच नाही. तिथे कागदावर पुन्हा मतदान झाले. कायदा बदलला तो नंतर. २०१३ साली त्याच न्यायालयाने यंत्राला कागदाची जोड हवी असे सांगितले, आणि चिठ्ठी आली: काचेआड सात सेकंद दिसणारी. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. सगळ्याच मोजा ही मागणी २६ एप्रिल २०२४ रोजी न्यायालयाने फेटाळली. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला काही यंत्रांची तपासणी मागण्याची मुभा दिली. मी तो भाग दोनदा वाचला. केंद्राध्यक्षाला काही मागता येते का, हे शोधत होते. तसे त्यात काही नव्हते. असण्याचे कारणही नव्हते म्हणा.

डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी, आपल्या गावचे आकडे पटत नाहीत म्हणून, स्वतःच कागदी मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने बंदी घातली, गावाने बेत सोडला. आमच्या वर्गात त्यावर दोन तट पडले. अण्णांचे म्हणणे वेगळेच होते. "पुन्हा घेतलेलं मत हे पुन्हा घेतलेलं मत. त्यावरून पहिलं काय होतं ते ठरत नाही. पण लोकांना मोजून बघावंसं वाटलं, त्यात त्यांचं काय चुकलं?" ज्या गावाने त्यांच्याविषयी वाटेल ते बोलले, त्या गावालाही ते हेच म्हणाले असते.

स्पर्धा जानेवारीत झाली. प्रतिपक्षाच्या मुलाने फार छान सुरुवात केली: "यंत्राला जात नसते, पक्ष नसतो, नातेवाईक नसतात!" टाळ्या पडल्या. मी स्कारबेक सांगितले, वॉशिंग्टनचे गाणे सांगितले. शेवटच्या दोन मिनिटांसाठी टिपणात ऑलिंपिक होते. ते मी बाजूला ठेवले आणि एका केंद्राध्यक्षाची गोष्ट सांगितली, नाव न घेता. म्हटले, आपण नेहमी विचारतो की गुन्हेगाराचा माग लागेल का. पण ज्याने गुन्हा केलाच नाही, त्याच्या निर्दोषपणाचा माग कोण ठेवतो? त्याच्या बाजूचा पुरावा तिथे पेटीत पडलेला असतो, शिक्कामोर्तब केलेला असतो, आणि कोणाला गरज नाही म्हणून मोजला जात नाही. निकाल बदलणार नाही हे मान्य. पण मत काय फक्त निकाल बदलण्यासाठी देतात? तेवढ्यात घंटा वाजली. परीक्षकांनी 'विषयाला सोडून' असा शेरा दिला आणि मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. सर मागून येऊन म्हणाले, "कोण गं ते केंद्राध्यक्ष?" मी सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला चहा पाजला.

नोटिशीचे प्रकरण पुढे समज देऊन मिटले. त्या पेटीतल्या चिठ्ठ्या कोणी मोजल्या नाहीत.

२ डिसेंबर २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीसाठी अण्णांना पुन्हा आदेश आला. आईला वाटत होते, या खेपेला त्यांनी आजारपणाचा दाखला द्यावा. त्यांनी दिला नाही. प्रशिक्षणाहून आले तेव्हा मी विचारले, "या वेळी चिठ्ठीचं यंत्र आहे का?"

"नाही. या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नाही."

आदल्या रात्री ते पिशवी भरत होते. कागद, पेन, टॉर्च, गोळ्यांची डबी. मग त्यांनी धाकट्याची चौकटीची वही मागितली, एक पान फाडले आणि ठळक अक्षरांत तीन शब्द एकाखाली एक लिहिले: क्लोज. रिझल्ट. क्लिअर. प्रत्येकासमोर बरोबरच्या खुणेसाठी एक चौकोन आखला. खाली वेळेसाठी जागा सोडली, आणि त्याखाली प्रतिनिधींच्या सह्यांसाठी चार रेघा.

"हा कागद नमुन्यात नाहीये अण्णा," मी म्हटले.

"नसू दे," ते म्हणाले. पानाची घडी घालून त्यांनी ती सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली आणि पहाटे चारचा गजर लावला.